आधी रिस्टोअर, मग जागा

चि. छकुलीस,



तुझं पत्र मिळालं. सांगलीच्या तुमच्या रुग्णालयात बॅकअपचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं आहे. व्यवस्थापनाला ते क्लाउडवर हवंय, तुझ्या साहेबांना आपल्याच सर्व्हर रूममध्ये, आणि दोन्हीकडची कोटेशनं तुझ्या टेबलावर आहेत. बैठकीत कोणाची बाजू घेऊ, असं तू विचारलंयस. एवढ्यात कोणाचीच घेऊ नकोस. आधी सगळ्यांपुढे एक प्रश्न ठेव: ज्या दिवशी आपले सगळे सर्व्हर बंद पडतील, त्या दिवशी ओपीडीची पहिली नोंद व्हायला किती तास लागतील आणि ते काम कोण करील? बॅकअप रोज रात्री आपोआप होतो. रिस्टोअर मात्र वाईट दिवशी, घाईत, माणसालाच करावं लागतं. म्हणून जागा ठरवायची ती रिस्टोअरवरून.

तुमच्या गावात वाईट दिवस कसा येतो हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच खोलीतली बॅकअपची डिस्क अशा वेळी एकाच पाण्यात जाणार. बॅकअप सॉफ्टवेअरही तिथेच चालत असेल तर त्याचा कॅटलॉगही जाईल, म्हणजे कोणत्या तारखेची कोणती फाइल कुठल्या प्रतीत आहे याची नोंदच जाईल. मग बाहेर ठेवलेली प्रत शाबूत असली तरी आधी नवा सर्व्हर मिळवायचा, सॉफ्टवेअर बसवायचं, कॅटलॉग पुन्हा बांधायचा आणि त्यानंतर रिस्टोअरला हात घालायचा. साहेबांच्या कोटेशनमध्ये या तासांचा हिशेब नसतो. तो तू मागून घे.

पण म्हणून क्लाउडवर ठेवलं की निर्धास्त, असंही नाही. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत नष्ट झाली. बॅकअपचे वेगळे पैसे भरणाऱ्या काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच ठिकाणी होत्या, त्या जळाल्या. पुढे न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला सांगितलं, पण निकालाने डेटा परत येत नाही. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाउडवरची यंत्रणाच एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसली गेली. त्यांनी दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवला होता, म्हणून ते सावरले.

आता तुझ्या क्षेत्रातलं उदाहरण घे. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर कारभार करावा लागला. तिथल्या ई-हॉस्पिटल या यंत्रणेचा डेटा परत मिळाला तो हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून. या तिन्ही घटनांतून मी एकच गोष्ट घेतो. मूळ डेटा आणि त्याची प्रत एकाच संकटात सापडता कामा नये. दोन्हींची इमारत एक नको, खातं एक नको, पासवर्ड एक नको. ही कसोटी दोन्ही कोटेशनांना लाव, म्हणजे त्यांतली भोकं आपोआप दिसतील.

त्यानंतर वेगाचा हिशेब स्वतः करून बघ. तुमच्या सीटी-एमआरआयच्या प्रतिमा 4 टीबी धर. 100 एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने, न थांबता चालली तरी तेवढा डेटा क्लाउडवरून उतरवायला जवळपास 4 दिवस लागतील, आणि पूर आला की लाइन चालूच राहील याची खात्री नाही. तोच डेटा आवारातल्या स्टोरेजवरून काही तासांत परत येतो. रुग्णांची नोंद, औषधं, बिलं यांचा डेटाबेस मात्र आकाराने लहान असतो. तो क्लाउडवरूनही लवकर उतरतो आणि रुग्णालय चालू व्हायला आधी तोच लागतो. म्हणून सगळ्या डेटाला एकच नियम लावू नकोस. काय 4 तासांत हवं आणि काय 4 दिवस थांबू शकतं, याची यादी डॉक्टरांना विचारून कर.

खर्चाच्या बाबतीत दोन्ही बाजूंना काही गोष्टी मागच्या पानावर ढकलायची सवय असते. क्लाउडचं भाडं डेटाबरोबर वाढत जातं, डेटा परत उतरवण्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात, आणि सर्वांत स्वस्त आर्काइव्हमधून डेटा हाती यायलाच काही वेळा 12 तास किंवा त्याहून जास्त लागतात. आवारातल्या सर्व्हरला यूपीएस, एसी आणि काही वर्षांनी नव्या डिस्का लागतात. शिवाय त्याला जागतं माणूस लागतं. सप्टेंबर 2024 मध्ये वीम या प्रसिद्ध बॅकअप सॉफ्टवेअरच्या एका गंभीर त्रुटीवर पॅच आला. पुढच्याच महिन्यात ज्यांनी तो लावला नव्हता, त्यांच्यावर रॅन्समवेअर टोळ्यांनी त्याच वाटेने हल्ले केले. तुमच्याकडे हे बघायला दोघंच आहात, आणि दोघंही दिवसभर वॉर्डातले प्रिंटर आणि संगणक सांभाळता. पॅच आला त्या आठवड्यात तो कोण लावणार?

कायद्याचंही एकदा तपासून घे. रुग्णालय कंपनी म्हणून नोंदलेलं असेल, तर 2022च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. रुग्णांच्या माहितीबाबत 2023चा डेटा संरक्षण कायदा सांगतो की काम दुसऱ्याकडे दिलं तरी उत्तरदायी तुम्हीच. त्यामुळे क्लाउड घेतलात तर डेटा मुंबई किंवा हैदराबादच्या केंद्रातच राहील, हे करारात लिहून घे.

आता माझा सल्ला. सॉफ्टवेअरचं नियंत्रण आणि कॅटलॉग क्लाउडवर ठेवा. त्यामुळे पुराच्या दिवशी मिरजेहूनही लॉगिन करून काम सुरू करता येईल आणि त्या भागाचे पॅच लावणं पुरवठादाराकडे राहील. डेटाची एक प्रत आवारात असू दे, पण वरच्या मजल्यावर आणि रुग्णालयाच्या डोमेनला न जोडलेल्या स्टोरेजवर. दुसरी प्रत क्लाउडमध्ये, आणि ठरावीक दिवस ती ॲडमिनलासुद्धा पुसता येणार नाही असं कुलूप लावून. या क्लाउडचं लॉगिन रुग्णालयाच्या ईमेलवर ठेवू नकोस, नाहीतर मेल बंद पडल्यावर ओटीपी येणार कुठे? एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर लिहून दोन विश्वासू जागी, रुग्णालयाबाहेर ठेव. सही करण्याआधी आणखी एक विचार: उद्या हा पुरवठादार सोडला, तर जुन्या प्रती कशाने वाचायच्या?

व्यवस्थापन आणि साहेब दोघांनाही यात थोडं सोडावं लागेल. ते त्यांनी तुझ्या शब्दावर सोडावं अशी अपेक्षा धरू नकोस. दोन्ही पुरवठादारांकडून महिनाभराची चाचणी माग. रुग्णनोंदीचा सगळा डेटाबेस कोऱ्या मशीनवर रिस्टोअर करून घे, शेजारी घड्याळ ठेव, आणि काम तुझ्या सहकाऱ्याला करू दे. तू रजेवर असतानाही हे जमलं पाहिजे. उघडलेल्या नोंदी बरोबर आहेत ना, हे एखाद्या सिस्टरकडून तपासून घे. ते आकडे घेऊन बैठकीत बस आणि ठामपणे बोल. आणि सॉफ्टवेअर कोणतंही आलं तरी दर तीन महिन्यांनी ही चाचणी चुकवू नकोस, कारण वॉर्डातल्या रुग्णाची ॲलर्जी कोणती आणि काल रात्री त्याला कोणतं इंजेक्शन दिलं, हे त्याच नोंदींत असतं.

तुझा,
मामा