कागद कातरण्यापूर्वी

कागद फाडण्यात नीतीचा प्रश्न तो कसला, असे वाचक म्हणतील. काही महिन्यांपूर्वी आम्हीही तसेच म्हणालो असतो. परंतु व्हर्जिनिया राज्यातील अ‍ॅशबर्न या गावी मुलाच्या घरी राहात असताना एक साधे यंत्र विकत घेण्याचा प्रसंग आला, आणि त्याने आम्हांस अशा विचारात टाकले की तो समाजबांधवांपुढे मांडावा असे वाटले.

आमची सून घरी बसून लोकांचे कराचे हिशेब तयार करते. तिच्या टेबलावर परक्यांचे पगार, कर्जे, दवाखान्याची बिले, पोटगीचे आकडे असे सर्व काही येते. काम संपून ठेवण्याची मुदत सरली की ते कागद नष्ट करावे लागतात. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला वेळ आहे, तर कागद कातरायचे एखादे चांगले यंत्र तेवढे निवडून द्या." इकडे त्यास श्रेडर म्हणतात. शिक्षकाला काम सांगितले की तो आधी अभ्यास करणार! तो केला, व जे समजले ते थोडक्यात सांगतो.

ही यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची. पहिले कागदाच्या उभ्या पट्ट्या करते, दुसरे आडवेउभे कातरून लहान तुकडे करते, आणि तिसरे जवळजवळ भुसाच करते. जर्मनांनी यासाठी एक प्रमाण ठरविले असून त्यात पी-१ ते पी-७ अशा सात पायऱ्या आहेत. पी-२ मध्ये पट्टी ६ मिलिमीटरपर्यंत रुंद चालते. म्हणजे इकडच्या नेहमीच्या कागदाच्या अवघ्या ३६ पट्ट्या. पी-४ मध्ये एक तुकडा १६० चौरस मिलिमीटरहून मोठा चालत नाही. त्याच कागदाचे निदान पावणेचारशे तुकडे होतात. पी-५ मध्ये ही मर्यादा ३० चौरस मिलिमीटरची, म्हणजे तुकडे दोन हजारांवर. मात्र जितके बारीक कातरावे तितके एका वेळी कमी कागद आत जातात आणि पात्यांना तेलही अधिक वेळा द्यावे लागते. घरगुती यंत्र काही मिनिटे चालले की तापते. मग त्यास विसावा द्यावाच लागतो.

मग ३६ पट्ट्या पुरे नाहीत काय? १९७९ साली तेहरानमधील अमेरिकन वकिलातीचा ताबा घेतला गेला, तेव्हा आतल्या लोकांनी घाईघाईने कातरलेल्या कागदांच्या पट्ट्या मागे राहिल्या. त्या चिकाटीने जुळविण्यात आल्या व पुढे त्यांची पुस्तकेच छापली गेली. म्हणून आम्ही सुनेस सांगितले, "घरच्या बिलांना पी-४ पुष्कळ झाले, पण तुझ्या कामाला पी-५ घे." ती हसून म्हणाली, "आपल्यापेक्षा परक्यांचे जास्त बारीक?" होय, तसेच. आपली अब्रू आपण हवी तर उघड्यावर टाकावी. दुसऱ्याची टाकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

हा धडा आम्ही फार पूर्वी एका शेंगदाण्याच्या पुडीवरून शिकलो. रायगड जिल्ह्यात शिक्षक असताना एका संध्याकाळी शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तो आत आमच्याच हस्ताक्षरातील लाल शाई! गणिताची उत्तरपत्रिका, शंभरांपैकी अकरा गुण, आणि वर त्या मुलाचे पूर्ण नाव. जुन्या उत्तरपत्रिका आम्हीच रद्दीत घातल्या होत्या. कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. तरी तो मुलगा, किंवा त्याचे वडील, त्याच गाडीवर शेंगदाणे घेत असतील, या विचाराने पुढचा दाणा घशाखाली उतरेना.

यंत्र घरी आले आणि आम्हांस आमची स्वतःची एक पेटी आठवली. आमच्या गावाकडे समाजातील गरजूंसाठी एक लहानसा मदत-फंड होता. पुष्कळ वर्षे आम्ही त्याचे चिटणीस होतो. फंड बंद झाला, पण अर्ज, पावत्या व नोंदवही आमच्याकडे राहिली आणि सामानाबरोबर अमेरिकेत आली. कोणाच्या घरी महिनाभर चूल पेटत नव्हती, कोणी मुलीच्या लग्नासाठी हात पसरला, कोणाच्या ऑपरेशनला पैसे गेले, हे सारे त्यात नावानिशी आहे. अर्ज घेताना आम्ही प्रत्येकास एकच वचन देत होतो, की ही गोष्ट या वहीबाहेर जाणार नाही. या हाताचे त्या हाताला कळू नये, हीच त्या फंडाची रीत. आज त्याच घरांतील मुले-नातवंडे चांगल्या हुद्द्यांवर आहेत, आणि त्यांतील काहींना यातले काहीही ठाऊक नाही.

तेव्हा वही यंत्रात घालावी, हे सरळ दिसले. पण हात थांबला. देवाचे नाव असलेला कागद आपण फेकीत नाही. तो गेनिझात ठेवतो किंवा पुरतो. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमधील गेनिझात तर धर्मग्रंथांबरोबर साधी पत्रे, हिशेब, हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्यांचे कागदही शतकानुशतके साठले. सॉलोमन शेख्टर यांनी १८९७ साली त्यांतील सुमारे एक लाख नव्वद हजार तुकडे केंब्रिजला आणले. त्यांत गरिबांस भाकरी वाटल्याच्या याद्या आहेत, नावांसकट! त्या काळच्या कोणा चिटणिसाने त्या नष्ट केल्या असत्या, तर आपल्या पूर्वकालीन बांधवांनी गरिबांस कसे सांभाळले, हे जगाला कोठून कळले असते? आमची वहीही एका लहान समाजाचा इतिहासच नव्हे काय?

नातवाने तोड सुचविली. "आजोबा, फोटो काढून ठेवू आणि मग कातरू." पण या अ‍ॅशबर्नमध्ये रस्त्याच्या दुतर्फा खिडक्या नसलेल्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. जगातील लोकांची पत्रे, चित्रे, हिशेब यांचा केवढा तरी साठा त्यांतील यंत्रांत असतो. पेटीतील नावे तेथे गेली, तर मग कोणत्या पात्याने कातरावी?

शिवाय मनात आणखी एक चोर होता. वहीच्या एका पानावर एका विधवेचा शिवणयंत्रासाठीचा अर्ज नामंजूर झाल्याची नोंद आहे. मुलगा कमावता आहे, अशी हरकत आम्हीच घेतली होती. तो मुलगा आईस एक पैसाही पाठवीत नव्हता, हे आम्हांस मागाहून समजले. आम्ही चौकशी केली नव्हती. वही कातरली की ती चूकही नाहीशी होणार. दाभोळमुळे कोकणास परिचित झालेली एन्रॉन कंपनी २००१ साली बुडत असताना तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या पेढीने त्या कामाचे ढीगभर कागद कातरले. २००२ साली ज्यूरीने पेढीस दोषी ठरविले. ज्यूरीस दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, पण तोवर पेढी संपल्यातच जमा होती. कायद्याचे काहीही असो, यंत्र तेच, बटण तेच. एकाच्या हाती ते दुसऱ्याची लाज झाकते, आणि दुसऱ्याच्या हाती स्वतःचा दोष.

म्हणून आम्ही एकच कसोटी धरली: हा कागद गेल्याने वाचणार कोण? ज्याने विश्वासाने तो आपल्या हाती दिला तो, की आपण? कैरोच्या याद्यांतील नावे शेकडो वर्षांनी उघडी झाली. त्यांमुळे आज कोणाचे नातवंड मान खाली घालीत नाही. आमच्या वहीतील माणसे अजून डोळ्यांसमोर आहेत. ती शंभर वर्षे मोहोरबंद ठेवील असा कोणी भेटता, तर कदाचित तिच्या हवाली केली असती. पण आमच्या मागे वचन कोण पाळील याची हमी आम्ही देऊ शकत नाही, आणि इतिहासकाराचा हक्क वचनानंतरचा आहे.

तीन आठवडे बसून आम्ही एका नव्या वहीत वर्षवार नोंद केली: किती अर्ज, कशासाठी, किती रुपये दिले, किती नाकारले. नाव एकाचेही नाही. त्या विधवेचा अर्ज मात्र सविस्तर लिहिला, व चूक कोणाची ते आमच्या नावासह लिहिले. तेवढे एकच नाव त्या वहीत आहे. प्रार्थनापुस्तकांची सुटी पाने पुरण्यासाठी बाजूस काढली. मग सुनेच्या यंत्रात चार-चार कागद घालीत पेटी रिकामी केली. मध्ये मध्ये यंत्र थंड होईपर्यंत थांबावे लागे, तेव्हा हातातला अर्ज पुन्हा एकदा वाचून होई.

वाचकांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. तिच्यातील कागद कोणाचे आहेत हे आपल्या हयातीतच पाहावे. आपल्या मागे ती मुलांच्या हाती जाईल किंवा रद्दीवाल्याच्या. आणि वही कातरण्यात आमचे चुकले असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी अवश्य लिहावे. इतके लिहूनही आमचे मन पूर्ण स्वस्थ झालेले नाही.