अपघात आणि अपराध

हदगाववरून जाणाऱ्या तुळजापूर-नागपूर महामार्गावर वाहनांबरोबर गुरेढोरेही चालत असतात. क्षणभराच्या बेसावधपणाने एखादे जनावर चाकाखाली येते आणि ‘आपल्या हातून पाप घडले’ ही टोचणी भाविकाच्या मनाला लागून राहते. या पापाचे क्षालन कशाने व्हावे?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांविषयी एक लोककथा प्रचलित आहे. पुत्र मालेराव यांच्या रथाखाली वासरू सापडून मेले. रथ न थांबता निघून गेला. देवींनी पुत्रास तीच शिक्षा फर्मावली व स्वतः रथ हाकण्यास सिद्ध झाल्या. परंतु वासराची माताच रथाला आडवी उभी राहिली. जिचे वासरू गेले, तिलाही दुसऱ्याचा जीव नको होता.

बेसावधपणा हा प्रमाद खरा. परंतु न थांबता निघून जाणे हा अपराध होय. म्हणून भाविकांनी थांबावे, १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय साहाय्य मागावे, जनावराच्या धन्याचा शोध घेऊन भरपाई द्यावी. शेतकऱ्याचे ऋण दानपेटीत फिटत नाही. ते त्याच्या दारीच फेडावे लागते. त्यानंतरही उरलेली टोचणी पुढील प्रवासात वेग आवरीत असेल, तर तेच खरे प्रायश्चित्त.