मुक्याचा होकार

आमची लेक, जावई आणि दोन नातवंडे दुबईच्या सिलिकॉन ओएसिस या वस्तीत राहतात. यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही उभयतां त्यांच्याकडे होतो, तेव्हा धाकट्या नातवाने एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर त्या वेळी आम्हांला नीट देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न असा होता : "आजी, मोती स्वतःहून आपल्या मागे आला. मग त्याचे पाय भाजले यात आपली चूक कशी?"

या प्रश्नाचे मूळ 2022 च्या ऑगस्टमध्ये आहे. मुले सुट्टीसाठी आमच्याकडे अश्दोदला आली होती, आणि त्यांना गालीलच्या उत्तर टोकाला, अदमीतजवळची केशेत गुहा पाहायची होती. आपल्या सह्याद्रीत डोंगराला आरपार भोक असले की त्याला नेढे म्हणतात. राजगडाच्या सुवेळा माचीवर आहे, रतनगडावर आहे. केशेत ही त्याच जातीची. नावाला गुहा, पण तिचे छत केव्हाच कोसळले, आणि उरली ती कड्याला चिकटलेली चुनखडीची एक कमान. गाडीतळापासून वाट थोडकीच, आणि इतकी सोपी की व्हीलचेअरसुद्धा जाते. तेव्हा मोतीलाही नेऊ असे ठरले. मोती आमचा नऊ वर्षांचा कुत्रा. पट्टा हातात घेतला की तो दारापाशी हजर.

घरातून निघायला नेहमीप्रमाणे उशीर झाला (डबे कोणी भरायचे यावर वाद), आणि पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होते. मोती सर्वांच्या पुढे. कमानीखाली फोटो झाले, आम्ही पाणी प्यालो, मुले प्याली, मग कोणाला तरी मोतीची आठवण झाली. परतताना तो वाटेच्या मधोमध बसला आणि उठेना. पाहिले तर पंजांच्या गाद्यांना फोड आलेले. आमच्या ह्यांनी त्याला उचलून गाडीपर्यंत आणले. साध्या पाण्याने पंजे निववले, ओला टॉवेल अंगावर टाकला. आठपंधरा दिवसांत तो बरा झाला. पुढे 2023 च्या ऑक्टोबरात सरहद्दीवरचे अदमीत रिकामे करावे लागले, आणि पुन्हा तिकडे जाण्याचा योग आम्हांला आलेला नाही.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडते. त्याच्या पायात चप्पलही नसते. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्याने शेपूट हलवली आणि आम्ही ती संमती समजलो, एवढेच.

आमचे आयुष्य रुग्णसेवेत गेले. वॉर्डात कण्हणाऱ्या रोग्याची आम्हांला कधी फारशी धास्ती वाटली नाही. तो आपण होऊन सांगतो. धास्ती वाटे ती "ठीक आहे, सिस्टर" म्हणणाऱ्याची. हाताला प्लास्टर घातलेली एक म्हातारी बाई रात्रभर हेच म्हणत होती, कारण आम्हांला पुन्हा पुन्हा उठवणे तिच्या जिवावर येत होते. प्लास्टर आवळले होते, बोटे निळी पडू लागली होती. बोटे पाहणे हे आमचे काम होते; ती काय म्हणते हे ऐकून पुढे जाणे नव्हे. तिचे बोलणे खरे धरले ते आमच्या सोयीसाठी.

ज्याचा आपल्यावर जीव आहे किंवा ज्याचे पोट आपल्यावर आहे, त्याचा होकार खरा असला तरी त्यावर भार टाकता येत नाही. दुबईत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात मजुरांकडून काम करून घेण्यास बंदी आहे. "काम करतोस का?" असे मजुराला विचारलेच जात नाही. विचारले तर तो हो म्हणेल, दोन पैशांसाठी म्हणेल.

आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. शाब्बाथला घाणा बंद, म्हणजे घाण्याचा बैलही मोकळा. आज्ञेत चाकराबरोबर गुरांचेही नाव आहे. बैल आपण होऊन सुट्टी मागायला कधी आला नसता. जू पुढे केले की तो मान देतो. आणि शेमामध्ये आधी गुरांच्या चाऱ्याचे वचन येते, मग माणसाच्या जेवणाचे. यावरूनच आपल्या पंडितांनी ठरवले की जनावराला आधी घालावे. हे आम्ही लहानपणापासून म्हणत आलो, आणि कमानीखाली पाण्याची बाटली पहिल्यांदा आमच्याच तोंडाला लागली.

त्या जागेचे नावही केशेत, म्हणजे धनुष्य, इंद्रधनुष्य. बेरेशीथमध्ये नोहाशी करार झाला तो एकट्या माणसाशी नव्हे, तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवाशी झाला. त्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांनी हो म्हटले नव्हते, तरी करारात ते आहेत.

आता नातवाची दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, घरी ठेवले तर मोती दिवसभर दारापाशी बसून रडतो, ते दुःख नाही का? आहे. बंद खोलीत ठेवून आपण पुण्य केले असे समजणाऱ्यांचा आम्हांला कंटाळा आहे. न्यावे, पण पहाटे न्यावे, आणि तो थांबण्याआधी आपण थांबावे. अवघड एवढेच की मग सहल त्याच्या पायांनी चालते, आपल्या नाही, आणि फोटोची वेळ हुकते.

हे लिहिताना एक गोष्ट लपवणे बरे नाही. लेक फिरायला निघताना विचारते, "आई, येतेस ना?" आणि गुडघे दुखत असले तरी आम्ही हो म्हणतो.

सिलिकॉन ओएसिसच्या घरीही आता एक कुत्रा आहे. परवा रात्री नऊ वाजता तो तोंडात पट्टा घेऊन दारात उभा राहिला. धाकटा खाली गेला, इमारतीसमोरच्या डांबरावर हाताची पाठ टेकवली आणि मोठ्याने सातापर्यंत मोजू लागला. चारावर हात उचलला. वर येऊन म्हणाला, "अजून तासभर नाही." कुत्रा दारातून हलला नाही. धाकटा त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.