वाटा ज्याचा त्याचा

श्रीतुकोबारायांनी सावकारीची खते भाऊ कान्होबांबरोबर वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची तेवढीच इंद्रायणीत बुडविली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, ही कथा वारकऱ्यांस ठाऊक आहेच. काडीमोडाच्या वेळी आम्हांस तिचे स्मरण होते. तेव्हा सासरची माणसे बाईला म्हणतात, "कशाला धरून बसतेस? माया सोड!"

अहो, हे कसले वैराग्य? सोडायचा तो आपला वाटा. दुसऱ्याचा सोडवून घेणे म्हणजे लुबाडणेच. स्त्रीधन तर बायकोचेच. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तसा निर्वाळा दिला आहे. लग्नात दोघांस मिळून आलेल्या वस्तूंची व्यवस्था १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने न्यायालयाकडे सोपविली. पण नवऱ्याच्या नावावर पुढे घेतलेले घर-शेत निम्मे करावे, असा नियम त्यात नाही. तेथे नीतीच हवी. जिने खुरपले, धारा काढल्या, तिचा घाम त्यात नाही काय?

कर्जाचेही तेच. तिच्या अंगठ्यावर काढलेले पैसे बियाण्याला लागले तर कर्ज दोघांचे. एकाच्या दारूत गेले तर त्याने एकट्याने फेडावे. मात्र आपसात काहीही ठरो, बँक ज्याची सही त्यालाच धरते. म्हणून होता होईल तो आधी देणे भागवावे, मग उरलेले वाटावे.

संसार मोडला तरी सचोटी मोडू नये. माळकऱ्याने आधी दुसऱ्याचा वाटा त्याच्या पदरात घालावा, मग खुशाल वैराग्य सांगावे.