आमिषाचा रंग

रेवदंड्याला कुंडलिका समुद्राला मिळते. समोर कोर्लईचा किल्ला, आत साळावचा पूल, आणि या खाडीत गळ टाकणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच मासा असतो: जिताडा. एशियन सी-बास किंवा बारामुंडी म्हणतात तोच हा. त्याच्यासाठी कुणी जिवंत कोळंबी लावतं, कुणी ल्युअर. ल्युअर म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा रबराचा खोटा मासा. तो वापरणारे दोघं भेटले की वाद ठरलेला: रंग कुठला?

या वादामागे खरं विज्ञान आहे. पाणी लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषून घेतं. स्वच्छ समुद्रातही काही मीटर खाली लाल रंग काळपट होतो. खाडीच्या गाळाच्या पाण्यात तर निळाही टिकत नाही, हिरवट-पिवळसर उजेड तेवढा उरतो. म्हणून गढूळ पाण्यात पोपटी किंवा सोनेरी, नितळ पाण्यात बोयसारखा चंदेरी, असा हिशोब. आणि संध्याकाळी चक्क काळा. कारण मासा खालून वर बघतो, आणि फिकट आकाशासमोर काळी आकृती ठळक दिसते.

तरी दुकानातल्या भिंतीवर जे शंभर रंग टांगलेले असतात ते नक्की कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाची रंगदृष्टी तपासली. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. माशांना लाल आणि हिरवा नीट वेगळा ओळखता आला. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत ते गोंधळले, निळा आणि काळा यांतही. जिताडा वेगळा मासा आहे, त्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण एवढं नक्की कळतं, की आपण ज्या दोन रंगांचे दोनदा पैसे मोजतो, ते माशाच्या लेखी एकच असू शकतात. तेवढ्यापुरता गळ आपल्याच तोंडात असतो.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त छळते. रंग नीट निवडायचा तर माशाच्या डोळ्यांनी बघावं लागतं. तो कुठे दबा धरून बसलाय, त्याला भूक कधी लागते, उजेड कुठून येतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्ही यालाच ‘युजरच्या जागी उभं राहणं’ म्हणतो आणि तो मोठा सद्गुण मानतो. पण समोरच्याला समजून घेणं आणि त्याचं भलं चिंतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला गळवाला जिताड्याला कुठल्याही प्राणिप्रेमीपेक्षा जास्त समजून घेतो.

‘आमिष’ या शब्दाचा जुना अर्थ मांस. ‘निरामिष’ आठवून बघा. गळाला लावलेली कोळंबी त्या अर्थाने खरं आमिष आहे. फसवणूक तीही, पण निदान तोंडात काहीतरी पडतं. ल्युअरमध्ये खाण्याची नुसती खूण असते. गंमत म्हणजे रायगडात जिताडा स्वतःच आमिष होतो. काम अडलं तर साहेबांकडे जिताडा पोचवावा, असं म्हणतात. पण तो का आलाय, हे साहेबांना पक्कं ठाऊक असतं.

त्यावरून एक कसोटी सुचते: हेतू उघड झाला तरी आमिष चालेल का? जिताड्याला काटा कळला तर तो तोंड लावणार नाही, म्हणजे ही फसवणूक. ॲपवरचा लाल ठिपका आत्याचा मेसेज आलाय हे सांगत असेल तर खूण खरी. काहीच आलेलं नसताना लावला तर तो ल्युअर.

पण ही कसोटी पुरत नाही. हे वाचूनही तुम्ही तो ठिपका दाबणार, आणि मीही. कळूनसवरून गळाला लागणारा प्राणी आपणच. म्हणून प्रश्न जरा बदलायला हवा: हा रंग का निवडला, हे मी समोरच्याला तोंडावर सांगू शकेन का? गुगलने निळ्याच्या ४१ छटा तपासल्याची गोष्ट २००९ पासून आमच्या धंद्यात सांगितली जाते. ‘हा निळा तुम्हाला पटकन दिसतो म्हणून ठेवला’ हे खुशाल सांगता येतं. ‘रद्द करा’चं बटण तुम्हाला दिसू नये म्हणून करडं ठेवलं, हे मात्र कुणी मीटिंगच्या बाहेर बोलत नाही.

जिताड्याला तर काहीच सांगता येत नाही. मग मासेमारीच सोडावी का? मला तसं वाटत नाही. मी जिताडा खातो, आणि जाळं असो वा गळ, माशाची संमती कशातच नसते. पण जिथे संमती मागता येत नाही, तिथे मर्यादा आपणच घालून घ्यावी लागते. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात. म्हणजे फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो तो मोठ्ठा जिताडा बहुधा अंडी घालणारी मादी असते. तिला सोडावं, कालवणापुरता मधला एक न्यावा, आणि रॉड आवरावा.

नुसतं पकडून सोडायच्या खेळात जीव वाचतो, हे खरं. पण तिथे फसवणुकीच्या बदल्यात उरते ती फक्त आपली करमणूक. पोटासाठी फसवणं मी समजू शकतो. लाइकसाठी फसवायचं, तर पोपटी की चंदेरी याला काहीच अर्थ राहत नाही.