हॉल शोधू नकोस

विरार (पश्चिम)

चि. नातीस,


तुझा लांबलचक मेसेज नीट वाचला. तुम्ही पाच जणं मिळून आयरिश आणि स्कॉटिश अशा केल्टिक धुना बसवताय. वसईत एखादा हॉल मिळेल का, तिकीट किती ठेवावं, आणि माझ्या ओळखीचा कुणी साउंडवाला आहे का, असे तीन प्रश्न. तिसऱ्याचं उत्तर सोपं: आहे, पण त्याला बोलावू नकोस. उरलेल्या दोन प्रश्नांना फोनवर टाइप करून उत्तर देणं माझ्या बोटांना जमणार नाही, म्हणून कागद घेतला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तुम्ही जे वाजवता ते संगीत लोकांना खुर्च्यांवर बसवून ऐकवण्यासाठी जन्मलेलं नाही. ते नाचणाऱ्यांच्या पायांसाठी जन्मलं आणि पुढे चार जणांनी गोल बसून वाजवण्यावर जगलं. ज्या निमित्तानं ते वाजायचं ते निमित्त सुटलं तेव्हा ते मरणाला टेकलं, आणि नवं निमित्त सापडलं तेव्हा उठून बसलं. तुम्हाला हॉल मिळेलही. निमित्त मात्र तुमचं तुम्हालाच उभं करावं लागेल.

आयर्लंडच्या खेड्यात नाच व्हायचा तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. टेबल भिंतीला सारायचं, दगडी फरशीवर जोड्या उभ्या राहायच्या आणि कोपऱ्यात एक फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच), फार तर सोबत एक बासरी. १९३५ साली तिथे सार्वजनिक नाचगृहांचा कायदा झाला: परवान्याशिवाय नाच नाही. कायद्याचा रोख हॉलवर होता, पण पाद्री आणि पोलीस मिळून तो घरातल्या नाचावरही चालवू लागले. स्वयंपाकघरं गप्प झाली. गावात काम नव्हतंच. तरुण पोरं बोटीत बसून इंग्लंडला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन नव्यानं बांधायचं होतं, त्याला हात लागले ते बरेचसे यांचे. दिवसभर विटा-सिमेंट, राहायला एका खोलीत दाटीवाटीनं, मग संध्याकाळी जायचं कुठे? कॅम्डन टाउनसारख्या भागातल्या पबमध्ये. कुणी क्लेअरचा, कुणी स्लायगोचा, कुणी गॉलवेचा. गावात असते तर आयुष्यात एकमेकांना भेटले नसते. इथे एका टेबलाभोवती बसून एकमेकांच्या चाली उचलू लागले. आज जगभर जे 'आयरिश सेशन' म्हणून नावाजलं जातं आणि ज्याला आपण फार पुरातन समजतो, त्याची आजची घडण बरीचशी या परमुलखातल्या मजुरांच्या संध्याकाळींनी केली आहे. १९५१ मध्ये मायदेशातही कोल्टस नावाची संस्था निघाली, दरवर्षी मोठा मेळा भरू लागला, आणि मग गाडी रुळावर आली.

रूळ म्हटल्यावर आपली विरार लोकल आलीच. तुझ्या पिढीला तिची गर्दीच तेवढी माहीत. विरारहून मुंबईकडे लोकल धावू लागली १८६७ साली. चर्चगेटपर्यंतचं अंतर साधारण साठ किलोमीटर. गिरगाव, लालबाग, परळच्या खोल्या ज्यांना परवडेनाशा झाल्या, १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या गिरण्या परत सुरूच झाल्या नाहीत, ती कोकणातली आणि घाटावरची माणसं नालासोपाऱ्याला, विरारला आली. गावाकडे यांच्या देवळात एकादशीचं भजन असे. इथे देऊळ लांब, रात्री घरी पोचेपर्यंत जेवण थंड, सकाळी पुन्हा अंधारात स्टेशन. दिवसातले हाताशी असलेले तास काय ते गाडीतले. म्हणून भजन गाडीत आलं.

मी त्यात बरीच वर्षं टाळ धरला, हे तुला ठाऊक आहे. पण ते कसं चालायचं हे तू कधी विचारलं नाहीस. डबा ठरलेला, बुवा ठरलेले. टाळांची पिशवी ज्याच्याकडे तो सहसा रजा घेत नसे. पखवाज त्या गर्दीत आणणं शक्यच नव्हतं, तेव्हा ठेका पडायचा तो डब्याच्या पत्र्यावर. आधी रामकृष्णहरीचा गजर, मग रूपाचा अभंग, अंधेरी येईतो गवळणीवर, आणि उतरायच्या आधी कसंबसं भैरवीला पोचायचं. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं, पूजा, पेढे. नव्या माणसाला कुणी 'ये, गा' असं म्हणत नसे. त्याच्या हाती टाळ द्यायचा आणि त्यानं मागे धरायचं. धरता धरता चाल अंगात मुरली की एखाद्या सकाळी बुवा नुसती मान हलवायचे. ती खूण. त्या दिवशी अभंग त्यानं उचलायचा. चुकला तरी कुणी थांबवत नसे, सगळे मिळून त्याला पुढच्या चरणावर नेऊन सोडत. (रात्रपाळी करून झोपायला टेकलेला माणूस आमच्यावर चिडायचा, आणि त्याचं काहीच चुकत नव्हतं. सामूहिक संगीताची ही दुसरी बाजूही ध्यानात ठेव. तुमच्याही शेजारी लोक राहतात.)

आता आयरिश सेशनचे रिवाज वाच. नवखा बाहेरच्या कडेला बसतो. येत असलेल्या धुनेत हळूच सामील होतो, न येणाऱ्या धुनेत गप्प राहतो. जुना वादक मानेनं सुचवतो, तेव्हा एखादी धून तो सुरू करतो. एक धून संपते न संपते तोच दुसरी जोडतात, तीन-चारांची माळ होते. समोर श्रोते असले तर असले, नसले तरी अडत नाही. हे वाचल्यावर मला आमचा डबाच दिसला. देव नाही, शब्द नाहीत, टाळाच्या जागी बिअरचा ग्लास. बाकी घडी तीच. तेही गाव सोडून आलेले, आम्हीही. म्हणून म्हणतो, केल्टिक संगीताला वसई-विरार परकं नाही. फक्त तुम्ही ते मंचाच्या दारानं आणू पाहताय.

तुमच्या वाजवण्याबद्दलही बोलतो. तू पाठवलेल्या चित्रफितीत पाच मिनिटांत डोनेगॉल झालं, ब्रिटनी झालं, स्कॉटलंड झालं आणि शेवटी सिनेमातलंही काहीतरी आलं. हात चांगला आहे, पण मुक्काम कुठेच नाही. क्लेअरच्या एखाद्या जुन्या फिडलवाल्याला कुणी 'तुम्ही केल्टिक वाजवता का' असं विचारलं असतं तर तो बुचकळ्यात पडला असता. त्याला त्याची वाट, त्याचं खोरं आणि शेजारच्या गावापेक्षा आपला गज कसा वेगळा चालतो एवढंच ठाऊक. क्लेअरची चाल सैल, झुलती. डोनेगॉलचा गज तुटक आणि करारी, पलीकडच्या स्कॉटलंडची सावली असलेला. स्लायगोत वेग आणि मुरक्यांची रेलचेल. कुठलंही एक घ्या आणि वर्षभर तिथेच राहा.

या बाबतीत मायकल कोलमनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्लायगोचा हा फिडलवादक (१८९१–१९४५) अमेरिकेत गेला आणि १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्या बोटीनं आयर्लंडला परत आल्या. वाजवणं इतकं झळझळीत की गावोगावचे फिडलवाले स्वतःच्या बापाची चाल सोडून कोलमनसारखं वाजवू लागले. ज्या तबकड्यांनी संगीताला मान मिळवून दिला, त्यांनीच खोऱ्याखोऱ्यांतले फरक पुसट केले. तुझ्या फोनमध्ये आज असे शेकडो कोलमन आहेत. ऐक, जरूर ऐक. पण त्यातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या मागे धावू नकोस.

आणि कागदावर फार विसंबू नकोस. १७९२ च्या जुलैमध्ये बेलफास्टला जुन्या हार्पवादकांना जमवलं होतं. दहा आयरिश वादक आले. बहुतेक म्हातारे, अनेक जण अंध. त्यांच्या चाली टिपायला एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक बसवला. त्यानं जे टिपलं त्यामुळे कितीतरी धुना वाचल्या, त्याचे उपकार आहेतच. पण त्यानं त्या पियानोवर वाजतील अशा मांडून छापल्या. त्या मेळाव्यात डेनिस हेम्पसन हा एकटाच धातूच्या तारा वाढवलेल्या नखांनी छेडणारा, जुन्या रीतीचा उरला होता. त्याच्या पायाशी बसून ती रीत हातात घेणारा कुणी पुढे आला नाही. धून राहिली, हात गेला. याच्या उलट शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील. कॉर्क परगण्यातून आलेला, स्वतःला स्वरलिपी लिहिता येत नसे. पण धुना कानात आणि ओठांवर. त्याच आडनावाचा जेम्स हा त्याचा सहकारी ऐकून लिहून घ्यायचा. १९०३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, त्यात १८५० चाली! वादक दिसला की ओ'नील त्याला पोलिसात भरती करून घ्यायचा असंही सांगतात. आपल्याकडे एखाद्या ठाणेदाराला ही बुद्धी झाली असती तर काय बहार आली असती.

तुझा तो मित्र, ज्याला 'हे आपलं नाही' असं कुणीतरी ऐकवलं, त्याला सांग की वसईनं अशी भाषा करू नये. १५३४ पासून दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज होते. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतल्यावर इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. शतकं झाली, त्या आता देवळांच्याच होऊन गेल्या. तुमचं व्हायोलिनही बाहेरचंच आणि आमच्या बुवांची पेटीसुद्धा.

ऐकणाऱ्याच्या कानाचीही काळजी नको. जिग ही नाचाची धून सहा मात्रांत चालते, आणि या किनाऱ्याच्या पायात सहा मात्रा आधीपासून आहेत. गोव्यातलं दुलपोद त्याच चालीत धावतं, आपली कितीतरी कोळीगीतं त्याच हेलकाव्यावर आहेत. रील या प्रकारची धून चारांत येते, ती भजनवाल्याला नवी नाही. बाउरॉनच्या जागी सरळ डफ घ्या. परदेशातून बोकडाच्या कातड्याचं वाद्य मागवायला पैसे घालवू नका.

एकदा जव्हारकडे जाऊन मात्र या. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ ची पद्मश्री जाहीर झाली ती तारप्यासाठी. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. वादक गाल फुगवून नाकानं श्वास घेत राहतो, सूर तुटत नाही. बॅगपाइपमध्ये हे काम काखेतली पिशवी करते. इथे माणूसच पिशवी होतो. पण मला तुला दाखवायचंय ते वेगळं. वारल्यांच्या चित्रात बघ, तारपेवाला मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती वळत गेलेले. भात तयार झालं की तारपा निघतो, नाच दिवाळीपर्यंत रंगतो. वादकासमोर खुर्च्यांची रांग त्या चित्रात कुठेच नाही.

तेव्हा जागेचं असं. वसईच्या किल्ल्यात नको, तिथे प्री-वेडिंगवाल्यांचीच रांग असते. तुमच्यात जी गिरीजची मुलगी आहे, तिच्या घरामागे वाडी आहे, बावखलाचं तळं आहे असं तू म्हणाली होतीस. महिन्यातला एक रविवार ठरवा, ऊन कललं की बसा. गोल बसा, ज्याला यायचं तो येईल, निम्म्या वेळेला कुणीच येणार नाही, तरी रविवार चुकवायचा नाही. तिची आजी घरात कादोडी बोली बोलते. जुन्या लग्नातली गाणी तिला नक्की येत असतील. रेकॉर्डिंग करायला तिच्या तोंडासमोर फोन धरू नका, ती अवघडेल. तिच्या शेजारी बसून एकच गाणं घ्या, तिच्या श्वासासकट, आणि मग बघा ते फिडलवर कसं बसतं. तिला आवडलं नाही तर ती स्पष्ट सांगेल; या पट्ट्यातल्या म्हाताऱ्या भिडस्त नसतात. तुमच्या जिगवर तिनं पाय हलवला तर त्या दिवसाचं तिकीट वसूल.

तिकीट ठेवूच नका, हे वेगळं सांगायला नको. चहा आणि वडापाव वर्गणीतून. हॉलच्या भाड्याचे जे पैसे वाचतील त्यातून व्हायोलिनच्या जादा तारा घेऊन ठेव. बावखलाकाठी, या खाऱ्या हवेत, त्या फार लवकर गंजतात.

तुझा,
आजोबा