न विचारलेला प्रश्न : हॅम्लेट, गर्ट्रूड आणि मुलाचा नैतिक अधिकार

काही वर्षांपूर्वी भंडाऱ्यात पदव्युत्तर वर्गाला ‘हॅम्लेट’चा तिसरा अंक शिकवीत असताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. ‘‘सर, आमच्या समाजात नवरा वारला तर धाकट्या दिराशी मोहतूर लागतो. माझ्या आजीचा तसाच लागला होता. मग या राणीचं पाप नेमकं कोणतं?’’ वर्गात हशा पिकला. विचारणारा मात्र हसत नव्हता. त्या वेळी मी युरोपीय धर्मशास्त्राचा हवाला देऊन तो प्रश्न निकालात काढला. पण तो निकालात निघालेला नव्हता, हे पुढे कळत गेले.

हवाला चुकीचा नव्हता. भावाच्या विधवेशी विवाह हा ख्रिस्ती धर्मशास्त्राने निषिद्ध संबंध मानला होता, आणि शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये त्याला राजकीय धारही होती. आठव्या हेन्रीने १५०९ मध्ये पोपच्या खास परवानगीने आपल्या दिवंगत भावाच्या पत्नीशी लग्न केले आणि १५३३ मध्ये तेच लग्न मुळात अवैध होते असे ठरवून घेतले. दुसऱ्या लग्नातून जन्मलेली एलिझाबेथ १६०३ पर्यंत राज्यावर होती. म्हणजे इ. स. १६००च्या सुमारास लंडनच्या प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाने ‘भावजयीशी लग्न करण्यात काय वावगे?’ असे विचारणे हे राणीच्या औरसपणालाच हात घालण्यासारखे होते. हॅम्लेटचा संताप त्या प्रेक्षकाला समर्थनाशिवायच पटत होता.

आपल्याकडे हे गृहीतक टिकत नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात गोंडांसह अनेक शेतकरी जातींतील या रिवाजाची नोंद आहे : विधवेला धाकट्या दिराशी पाट लावता येतो, भासऱ्याशी मात्र नाही. तेव्हा सीमारेषा इथेही आहे. ती वेगळ्या ठिकाणी आखलेली आहे, इतकेच. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाने निषिद्ध संबंधाचा आरोप बाजूला काढून ठेवला की राणीच्या दालनातील प्रवेशात काय उरते, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

उरतो तो खून. पित्याचा खून चुलत्याने केला आहे. आईला ते ठाऊक होते काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचा मुलाला पूर्ण अधिकार आहे. पण संहिता बारकाईने वाचली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. पडद्याआडचा पोलोनियस मारला गेल्यावर, हे कृत्य राजाला मारून त्याच्या भावाशी लग्न करण्याइतकेच वाईट आहे, असे हॅम्लेट आईला सुनावतो. राणी चकित होऊन राजहत्येचा तो शब्द तेवढा उच्चारते. त्या एका क्षणात सगळे उलगडू शकले असते. हॅम्लेट मात्र पडदा बाजूला करून मृतदेहाकडे वळतो, आणि परत येतो तो निराळाच विषय घेऊन. आपला अपराध कोणता, असे राणी विचारते तेव्हा उत्तरात येतात दोन तसबिरी, तिचे वय, तिची वासना, तिची शय्या. ‘खुनी’ हा शब्द पुढे एकदा येतो, पण चुलत्याचे विशेषण म्हणून. ‘तुला ठाऊक होते का?’ हा प्रश्न हॅम्लेट शेवटपर्यंत विचारीत नाही.

१६०३च्या पहिल्या छापील प्रतीत राणी शपथेवर सांगते की तिला या खुनाची वार्ताही नव्हती, आणि मुलाला साहाय्य करण्याचे वचनही देते. १६०४–०५ आणि १६२३च्या प्रतींत ते स्पष्टीकरण नाही. या प्रतींचे परस्परनाते अभ्यासकांत वादग्रस्त आहे. पण आपण जे नाटक वाचतो त्यात आरोपीचे निवेदन गळालेले आहे, एवढे निश्चित. ब्रॅडलीने १९०४ मध्येच राणीला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. एलियटने १९१९ मध्ये म्हटले की हॅम्लेटची किळस आईच्या व्यक्तिरेखेत मावत नाही, आणि हा नाटकाचा दोष मानला. मला हा दोष नाटकाचा न वाटता हॅम्लेटचा वाटतो, आणि नाटकाला तो ठाऊक आहे असेही वाटते.

वाल्मीकीच्या भरताशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. आजोळाहून परतलेला भरत आधी विचारतो : वडील कोठे आहेत, राम कोठे आहे? कैकेयी स्वतःच्या तोंडाने सारे सांगते, आणि त्यानंतरच भरताचा संताप कोसळतो. तो कठोर आहे, प्रसंगी असह्य आहे. पण तो कैकेयीने केलेल्या आणि कबूल केलेल्या कृत्यावर आहे. हॅम्लेटचा संताप आईने काय केले यावर कमी आणि ती काय आहे यावर अधिक आहे. आणखीही एक साम्य आहे. आईवर रोष धरू नकोस, हे चित्रकूटावर राम भरताला सांगतो. इथे ते पित्याचे भूत सांगते, तिला परमेश्वरावर आणि तिच्या मनातील काट्यांवर सोड म्हणून. भरत ऐकतो. हॅम्लेटला तेच ऐकवण्यासाठी भुताला पुन्हा यावे लागते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या प्रवेशाला एक अडचणीचा इतिहासही आहे. ‘हॅम्लेट’ मराठीत आणले ते गोपाळ गणेश आगरकरांनी. ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ‘सुधारका’तून विधवांच्या केशवपनावर तुटून पडणारा हा माणूस. शाहूनगरवासी मंडळीच्या प्रयोगांत गणपतराव जोशींचा चंद्रसेन गाजला, त्या काळी पांढरपेशा घरांतून सोवळ्या विधवा माजघरात बसत होत्या आणि १८५६चा पुनर्विवाहाचा कायदा बव्हंशी कागदावरच होता. अशा प्रेक्षागृहात पुनर्विवाह केलेल्या आईला मुलाने झोडपावे, ही वाणी सनातन्यांना आपलीच वाटली नसेल असे म्हणणे कठीण आहे. आगरकरांनी दिलेले शीर्षक मात्र विचार करायला लावते. विलास विकारांचा आहे, पण कोणाच्या? आपण सवयीने राणीकडे बोट दाखवतो. नुकताच एका निरपराध म्हाताऱ्याला भोसकून, त्याबद्दल जेमतेम दोन ओळींचा पश्चात्ताप व्यक्त करून, आईला संयमाचे पाठ देणारा मुलगाही त्या शीर्षकात बसतोच.

उपदेश खोटा आहे असे नाही. सद्गुण अंगी नसेल तर निदान तो पांघरावा, सवयीने तो मुरतो, हा हॅम्लेटचा विचार कोणत्याही नीतिशास्त्राला मान्य व्हावा. राणी हेलावतेही, आपल्या आत्म्यावर न पुसले जाणारे डाग दिसतात, असे ती म्हणते. प्रश्न उपदेशाच्या सत्यतेचा नाही. ज्याने ऐकूनच घेतले नाही त्याला निवाड्याचा अधिकार कोठून येतो, हा आहे. त्या विद्यार्थ्याची आजी वर्गात नव्हती. असती तर तिला हा मुलगा कोणत्याही गावच्या पंचासारखा वाटला असता : साक्ष न घेता निकाल देणारा.

राणीला स्वतःची बाजू मांडायला या प्रवेशात जागा नाही. ती मिळते पुढच्या प्रवेशात, आणि फारच थोडी. मुलाचे वेड हे सोंग आहे हे कोणालाही न सांगण्याचे वचन तिने दिले आहे. राजा समोर येताच ती सांगते की तो वादळासारखा पिसाळलेला आहे आणि त्या भरात म्हातारा मारला गेला. वचन पाळले जाते. मग ती आपण होऊन एक वाक्य जोडते : झाल्या गोष्टीबद्दल तो रडतो आहे. आपण तो प्रवेश नुकताच पाहिलेला असतो. मृतदेह फरफटत नेताना हॅम्लेट थट्टा करीत होता. त्याचे अश्रू आपल्याला कोठेही दिसलेले नसतात.